एकाच बोटाचे चार हिशेब

बेळगावजवळच्या उद्यमबागेत किंवा मच्छेतल्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, तर तिचा हिशेब कसा लागतो? ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, तक्त्यात १४ टक्के. खासगी कंपनीच्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत बहुतेक ठिकाणी १० टक्के. बँक वर्षाला २० रुपये कापून जो प्रधानमंत्री सुरक्षा विमा देते, त्यात शून्य. जिल्हा रुग्णालयाच्या अपंगत्व दाखल्यावर येतो तो आकडा चौथाच, आणि तो वरच्या तिघांपैकी कुणालाही जसाच्या तसा लागू होत नाही.

बोट एक, हिशेब चार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अपंगत्वाच्या दाव्यांचा निम्मा घोळ इथेच होतो. माणूस दोन महिने खेपा घालून अपंगत्वाचं कार्ड काढतो, त्याच्या चार झेरॉक्स काढून चार ठिकाणी देतो आणि वाट बघत बसतो. दरम्यान ज्या कागदावर खरा निकाल लागणार असतो, तो कागद पहिल्याच रात्री कॅज्युअल्टीत लिहून झालेला असतो. त्यात काय लिहिलंय हे घरच्यांनी वाचलेलंही नसतं. म्हणून सुरुवात त्या रात्रीपासून.

कारखान्यातला अपघात असला की दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवतो. त्यात चार गोष्टी असतात: कुठं झालं, कधी झालं, कसं झालं, कुठला अवयव. जखमी माणूस मराठीत सांगतो, सोबतचा सुपरवायझर हिंदी-कन्नडात सांगतो, लिहिणारा कन्नडात किंवा इंग्रजीत लिहितो. या तीन उड्यांत उजव्याचं डावं होतं. कन्नड कागदावर ‘बलगै’ म्हणजे उजवा हात, ‘एडगै’ म्हणजे डावा. ‘बेरळु’ म्हणजे बोट, ‘हेब्बेरळु’ अंगठा, ‘तोरुबेरळु’ तर्जनी, ‘उंगुर बेरळु’ अनामिका. एवढे सहा शब्द पाठ असले तरी सही करण्याआधी कागद पडताळता येतो. लिपी येत नसेल तर वॉर्डातल्या कुणाकडूनही मोठ्यानं वाचून घ्यावा, त्यात लाजायचं काही नाही. पोलीस जबाबाचंही तेच. एमएलसीत उजवा आणि डिस्चार्ज समरीत डावा असेल, तर विमा कंपनीचा तपासनीस पहिलं बोट तिथेच ठेवतो. ती दुरुस्ती नंतर होते, पण मूळ नोंद करणाऱ्या डॉक्टरच्या सहीनं आणि शिक्क्यानं. तो डॉक्टर तोवर बदली होऊन गेला असेल तर महिने जातात.

‘कसं झालं’ हे वाक्य त्याहून नाजूक. ‘प्रेसमध्ये हात अडकला’ एवढंच लिहिलं तर ठीक. ‘चक्कर येऊन मशीनवर पडला’ असं लिहिलं की खासगी विमा कंपनी म्हणते, हा आजार, अपघात नव्हे. घरच्यांनी काळजीपोटी ‘सकाळपासून त्याला बरं नव्हतं’ असं डॉक्टरला सांगितलेलं असतं, आणि ते इतिहासाच्या रकान्यात जातं. दारूच्या वासाची ओळ असली तर पॉलिसीतलं नशेचं कलम पुढे येतं. प्रत्यक्षात प्यालेला नसेल तर त्याच रात्री रक्ततपासणीचा आग्रह धरावा. आठवड्यानंतर ती ओळ पुसायला काहीच हाताशी राहत नाही. खोटं लिहून घ्या असं कुणी सुचवू नये, ते दुसऱ्या कागदावर उघडं पडतंच. जे झालं ते, मशीनच्या नावासह, एका वाक्यात, सगळीकडे सारखं. एवढंच.

आणि एक्स-रे. बोटाच्या दाव्यात फिल्म हाच खरा पुरावा. ईएसआयच्या तक्त्यात तर्जनीचं हाड न जाता नुसतं टोक तुटलं तर ५ टक्के, एक पेर गेलं तर ९, दोन पेरं गेली तर ११, पूर्ण बोट गेलं तर १४. टोक आणि पेर यांतला फरक बाहेरून पट्टी बांधलेल्या बोटावर कळत नाही, हाडावर कळतो. ऑपरेशन करताना डॉक्टर जखम नीट शिवता यावी म्हणून थोडं हाड आणखी कापतात, तेव्हा अपघाताच्या रात्रीचा एक्स-रे एक सांगतो आणि नंतरचा दुसरं. दोन्ही हवेत, दोन्हींवर नाव-तारीख हवी, आणि ऑपरेशनच्या नोंदीत कुठल्या सांध्यातून किंवा पेरातून कापलं ते स्पष्ट हवं. बऱ्याच ठिकाणी आता फिल्म न देता मोबाईलवर चित्र पाठवतात. त्यावर नाव दिसत नसेल तर प्रिंट मागून घ्यावी.

ईएसआयचं आधी सांगतो, कारण कारखान्यातल्या माणसाला आयुष्यभर महिन्याला पैसे देणारी हीच एक वाट आहे, आणि लोक तिलाच सगळ्यात कमी ओळखतात. दवाखान्याचं कार्ड एवढीच तिची ओळख.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार यात येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या इजेला ‘इतके दिवस वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही, कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. पण इथेच एक दुखणं आहे. माणूस महिनाभर काम करत असतो, नोंदणी मात्र अपघाताच्या दिवशी दुपारी होते. विमा क्रमांकाची तारीख आणि अपघाताची तारीख एकच दिसली की चौकशी लागते, आणि लागायलाच पाहिजे. त्या चौकशीत हजेरीपत्रक, गेटची नोंद, आधीच्या महिन्याचा पगार खात्यात आल्याची ओळ हे कामगाराच्या बाजूनं बोलतं. पगार रोख व्हाउचरवर असेल तर बोलायला फारसं काही उरत नाही.

अपघात झाला की कारखान्यातल्या अपघात-वहीत नोंद व्हायला हवी. जुन्या नियमांतला फॉर्म ११ तो हाच. मग मालकानं फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला आणि दवाखान्याला पाठवायचा. ठेकेदाराकडचा कामगार असेल तर मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार मालकाकडे. अपघात ज्याच्या आवारात झाला त्याची जबाबदारी सुटत नाही. अहवालाची प्रत मागून घ्यावी. दिली नाही तर कामगारानं स्वतः साध्या कागदावर अपघाताची लेखी खबर शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘ठेवा तिथं, बघतो’ ही पोच नव्हे.

‘खासगी दवाखान्यात करतो, सगळा खर्च मी देतो, ईएसआयला कळवू नका’ असं मालक सांगतो तेव्हा बहुतेकदा त्याची नियत वाईट नसते, त्याला तपासणी नको असते एवढंच. पण ऑपरेशनचे तीस-चाळीस हजार देऊन तो जे वाचवतो, ते कामगाराच्या आयुष्यभराच्या पैशातून वाचवतो. आकडा मांडून बघा. रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये धरली, तर पूर्ण दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. तर्जनी गेलेल्याला त्याच्या १४ टक्के: रोज ७५ रुपये ६० पैसे, ३० दिवसांचे २,२६८ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे महिन्याला ४,८६०. हे पैसे तो पुन्हा कामाला लागला, पूर्ण पगार घेऊ लागला, तरी बंद होत नाहीत. तीस वर्षांच्या माणसाला हे किती वर्षं मिळणार, याचा गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

या आकड्याला खाली ओढणारी गोष्ट म्हणजे कागदावरचा पगार. हातात अठरा हजार आणि ईएसआयच्या पावतीत अकरा हजार असेल तर हिशेब अकरावरच होतो. अपघातानंतर ‘माझा पगार जास्त होता’ म्हणून भांडता येतं, पण पुरावा बँकेच्या पासबुकात असेल तरच. ज्यांचं सगळं ठीक चाललंय त्यांनीही वर्षातून एकदा ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या नावावर किती पगार दाखवलाय ते बघून ठेवावं.

पुढचा टप्पा. इजेमुळे कामावर जाता येत नाही त्या काळात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, तो मजुरीच्या ९० टक्के. त्यासाठी अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बुडायला हवं. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. उपचार बाहेर चालू असले तरी दर वेळी दवाखान्यात जाऊन दाखला वाढवून घ्यावा लागतो. मधला एक आठवडा सुटला तर तेवढ्या आठवड्याचे पैसे सुटतात, वर ‘मध्ये बरा होता काय?’ हा प्रश्न उभा राहतो. शेवटी डॉक्टर ‘कामाला योग्य’ असा अंतिम दाखला देतो. लोकांना वाटतं, प्रकरण संपलं. खरं तर कायमच्या अपंगत्वाचं प्रकरण तिथून सुरू होतं. अंतिम दाखल्यापासून १२ महिन्यांच्या आत वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज द्यायचा. कार्यालय आपणहून पाठवतंही, पण वाट बघू नये. फाईल पुढे सरकली नाही तर वर्ष गेल्यावर उशीर माफ करा म्हणून विनंती करत बसावं लागतं.

वैद्यकीय मंडळ बघतं ते कमाईची क्षमता किती गेली. तक्त्यातली इजा असेल तर वाद कमी: अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चार बोटं ५०, पूर्ण हात म्हणजे पंजा ६०. वाद होतो तो अवयव जागेवर आहे पण चालत नाही तिथं. बोट शिवलंय पण वाकत नाही, फौंड्रीत वितळलेलं लोखंड पडून भाजल्यावर कातडी आकसलीय, नस तुटून पकड गेलीय. अवयवाचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो अवयवच गेला असं धरायचं, ही टीप तक्त्याखालीच आहे, आणि ती फार कामाची आहे. अर्धवट गेला असेल तर मात्र मंडळाच्या अंदाजावर. अशा वेळी फिजिओथेरपीचे कागद, सांधा किती अंश वाकतो त्याची मोजणी, नसेची चाचणी, पकडीचं मोजमाप सोबत हवं. ‘दुखतं’ हा शब्द तिथं फारसा मोजला जात नाही. ‘स्पॅनर पकडता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही, दोन किलोची बादली उचलता येत नाही’ हे मोजलं जातं. डावखुरा असाल तर ते आवर्जून सांगा. समोरचा माणूस उजवा हातच कामाचा धरून चालतो.

निकाल कधी ‘तात्पुरता’ असतो, ठरावीक काळानं पुन्हा बोलावतात. ती तारीख चुकवू नये. टक्का पटला नाही तर निकाल कळल्यापासून ३ महिन्यांत अपील करता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे फॉर्मचे क्रमांक आणि कलमं बदललेली दिसतील. अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे अर्जात ठळक लिहावं.

सीमेवरच्या गावांत आणखी एक भानगड असते. निपाणीचा माणूस कागलच्या एमआयडीसीत कामाला, तर चंदगड तालुक्यातला माणूस बेळगावच्या फौंड्रीत. ईएसआय केंद्राची असल्यानं राज्य बदललं म्हणून हक्क बदलत नाही, आणि दवाखाना राहत्या भागातला निवडता येतो. पण कारखाना एका राज्यात, दवाखाना दुसऱ्या राज्यात अशी फाईल दोन कार्यालयांत फिरते, तेव्हा तिच्या मागं लागणारं माणूस घरात हवं. अशा लोकांचे अपघात मशीनवर जितके होतात तितकेच मोटारसायकलवर होतात. घर आणि कारखाना यांच्या वाटेवरचा अपघात २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरची इजाच मानला जातो, जर वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर. म्हणजे पाळी सकाळी सातची, अपघात पावणेसातला, रस्ता कारखान्याचा. पंचनाम्यात जागा आणि वेळ नेमकी लिहिलेली असणं इथं सोन्याच्या मोलाचं. पाळी सुटून दोन तासांनी, भलत्याच रस्त्यावर पडला असेल तर ते जमत नाही.

त्याच मोटारसायकलच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे, दोन गेले तर पूर्ण. अट अशी की गाडी स्वतःच्या नावावर, चालवत होता तो स्वतः, आणि लायसन्स चालू. भावाच्या नावावरची गाडी असेल तर नाही. बोटांना इथं काहीच नाही.

दहापेक्षा कमी माणसांचा वर्कशॉप किंवा २१ हजारांवरचा पगार असेल तर ईएसआय नाही. तिथं कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा रस्ता (२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदाही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे): मासिक पगाराच्या ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले क्षमता गेल्याचा टक्का. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, आणि त्याच्या १४ टक्के: तर्जनीचे एकरकमी २,६२,०५५ रुपये. मालकानं या जबाबदारीची पॉलिसी काढलेली असेल तर विमा कंपनी देते, नसेल तर मालक. ईएसआय लागू असलेल्याला मात्र हा दुसरा दावा करता येत नाही.

बाकी सगळे विमे एकमेकांच्या आड येत नाहीत. वैयक्तिक अपघात पॉलिसी ही खर्चाची भरपाई नव्हे, ठरलेली रक्कम असते. दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असतील तर दोन्हीकडून मिळते, ईएसआय मिळत असलं तरी मिळते. पतसंस्थेनं कर्ज देताना, सोसायटीनं सभासद करताना, कारखान्यानं गट म्हणून अशा पॉलिसी काढलेल्या असतात आणि माणसाला पत्ताच नसतो. पासबुकात विम्याची कपात शोधणं हे दाव्याचं पहिलं काम.

खासगी पॉलिसीचा तक्ता ईएसआयपेक्षा हात आखडून असतो. साधारण अंगठा २५, तर्जनी १०, मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४, एका हाताची चारही बोटं ३५. पाच लाखांच्या पॉलिसीत तर्जनीचे पन्नास हजार. कंपनीगणिक आकडे थोडे हलतात, म्हणून पॉलिसीची जाड पुस्तिका मागून घ्यावी. एजंटानं दिलेल्या एका पानावर तक्ता नसतो. इजेचं कायमचं रूप अपघातापासून १२ महिन्यांत ठरायला हवं असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. पोरं म्हणतात, ‘पूर्ण बरं होऊ दे, मग दाखला काढू.’ तेरावा महिना लागला की हे कलम समोर येतं.

आठवड्याच्या लाभाचंही असंच. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत काम पूर्ण बंद असेपर्यंत विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे, वर एक कमाल मर्यादा. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणाऱ्या ‘सरल सुरक्षा’ पॉलिसीत हा लाभ ऐच्छिक आहे आणि ०.२ टक्के आहे. अट ‘काम पूर्ण बंद’. फौंड्रीत मोल्डिंगला असलेला माणूस हात गळ्यात बांधून पंधरा दिवस गेटवर बसला, हजेरीपत्रकात त्याची सही आली, की लाभ त्या दिवशी थांबतो. मालकाचं मन राखायला असं बसू नये.

नाकारलेल्या दाव्यांत सगळ्यात कडू प्रकार व्यवसायाचा असतो. एजंटानं हप्ता कमी बसावा म्हणून ‘ऑफिस काम’ लिहिलेलं असतं आणि अपघात प्रेसवर. जोखमीचा वर्ग वेगळा म्हणून कंपनी रक्कम कापते किंवा दावाच फेटाळते. प्रस्ताव-अर्ज मराठी माणसाच्या नावानं इंग्रजीत भरलेला, खाली मराठीत सही. वाचलं कुणी नाही.

उशीर झाला म्हणून नाकारलं असेल तर हार मानू नका. उशिराच्या एकाच कारणावरून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत, असं विमा नियामकानं २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलंय. उत्तरात त्याचा उल्लेख करा आणि उशिराचं कारण कागदानिशी द्या, दवाखान्यात भरती असल्याच्या तारखा तर असतातच.

सुरक्षा विमा योजनेबद्दल थोडक्यात. एक हात, एक पाय वा एका डोळ्याची दृष्टी पूर्ण आणि कायमची गेली तर १ लाख. दोन गेले तर २ लाख. चार बँकांत चार वेळा कपात झाली तरी विमा एकच. अर्ज बँकेच्या शाखेतच, शक्यतो ३० दिवसांत, सोबत पोलिसांचा कागद आणि सिव्हिल सर्जनचा अपंगत्वाचा दाखला. मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये नसतील तर १ जूनपासून विमा नाही. आणि एलआयसीच्या जुन्या पॉलिसी कपाटातून काढून बघा. अपघात-अपंगत्वाचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेला जादा विमा, असेल आणि अपघातापासून १८० दिवसांत पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल, तर ती रक्कम १० वर्षं मासिक हप्त्यांनी मिळते. बोटासाठी नाही, पण दोन्ही पाय गेलेल्या माणसाच्या घरात ती पॉलिसी हप्ता थकून बंद पडू दिलेली बघितली की जीव हळहळतो.

आता तो अपंगत्वाचा दाखला, ज्याच्यामागं लोक सगळ्यात आधी धावतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी पोर्टलवर. तपासणी राहत्या जिल्ह्यात किंवा जिथं उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात. त्यामुळे चंदगडच्या माणसाचे उपचार बेळगावच्या सरकारी रुग्णालयात झाले असतील तर तिथंही मागता येतो. कार्ड ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. पेन्शन, बसपास, आरक्षण यांचा उंबरठा ४० चा. एकटं बोट गेल्यानं तिथवर पोचत नाही, आणि ‘चाळीस करून देतो’ म्हणणारा दलाल रुग्णालयाच्या बाहेर भेटतोच. असा दाखला विम्यात उलटतो, कारण कंपनी टक्का बघत नाही, एक्स-रे बघते. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ‘व्हीआरडब्ल्यू’ नावाचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो. अर्ज भरायला त्याला गाठा, दलालाला नको.

नावाचा गोंधळ हा आमच्या भागाचा जुना रोग. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत आद्याक्षर पुढे. कारखान्यात नुसतं ‘परशा’. एकच ‘परशराम’ तीन स्पेलिंगांत. तिन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून फाईलच्या पहिल्या पानामागं लावून द्यावं, मागण्याची वाट बघू नये. गावाचंही तसंच: कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द यांतला ‘बीके’ की ‘केएच’ सुटला की टपाल आणि तपासनीस दोन्ही भलत्या गावात. कन्नड पंचनामा पुण्या-मुंबईच्या कार्यालयात जाणार असेल तर इंग्रजी भाषांतर आपणच जोडावं, नाहीतर भाषांतराच्या नावाखाली फाईल महिनाभर झोपते.

कंपनीचं पत्र आलं, ‘पुढील कागद पाठवा’, तर प्रत्येक मुद्द्याला क्रमांक टाकून लेखी उत्तर. जो कागद अस्तित्वातच नाही त्याबद्दलही ‘असा कागद नाही, कारण अमुक’ असं लिहायचं. उत्तर न देता सोडलेला एक मुद्दा म्हणजे ‘कागद न दिल्यानं दावा बंद’. मूळ कागद मागितले तर द्यावेत, पण आधी सगळ्यांचा रंगीत स्कॅन आणि यादीवर पोच. कमी रक्कम देऊन ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही मागितली तर सहीशेजारी ‘हरकत राखून’ असं लिहा आणि त्याच दिवशी ईमेलनंही तेच कळवा.

नाकारल्यावर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कर्नाटकासाठी ते बेंगळुरूला बसतात. फी नाही, वकील नाही, मर्यादा ५० लाख, मुदत नकारापासून एक वर्ष. लोकपालाकडे काय नाकारलं, कुठल्या कलमावर नाकारलं आणि ते कलम का लागू नाही, एवढंच दोन पानांत मांडलं की पुरतं, घरची परिस्थिती चार पानं लिहून उपयोग नाही. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षं, आणि आपण राहतो तिथंच दावा दाखल करता येतो. ईएसआयच्या टक्क्याचं भांडण मात्र या दोन्ही ठिकाणी न्यायचं नाही, त्याची वाट वर सांगितली ती.

एक काम दाव्याच्या कुठल्याच यादीत नसतं. अंगठा किंवा तर्जनी गेलेल्या माणसाचा ठसा रेशन दुकानात, बँकेत, कुठंच जुळत नाही, आणि मंजूर झालेले पैसे केवायसीसाठी अडकून पडतात. जखम भरली की आधार केंद्रात जाऊन उरलेल्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करून घ्यावी. केंद्रातला पोरगा ‘मशीन घेत नाही’ म्हणाला तर बोट नसल्याची नोंद करण्याची सोय त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तीच वापरायला सांगावी. नोंद झाल्याची पावती जपून ठेवावी आणि मगच बँकेत जावं.